चटका न कळणारा हात

आमचा बचत गट कडक भाकरी आणि शेंगा चटणी करतो. गटातल्या एका मैत्रिणीचं आम्हाला फार कौतुक होतं. तव्यावरची भाकरी ती नुसत्या बोटांनी उलटायची, कधी हात झटकायची नाही. घट्ट हाताची म्हणायचो आम्ही तिला. एके दिवशी शेजारणीने तिच्या बोटावरचा टरारलेला फोड दाखवला, तेव्हा कुठे तिला तो कळला.

मग हातावरचे जुने डागही दिसू लागले. अंगठ्याजवळचं मांस बसलं होतं. खोकला आला की डोक्यामागे, मानेत कळ जायची. गावात 'महारोग' हा शब्द फिरला. दोघीजणींनी तिच्याकडचा चहा बंद केला आणि आम्ही गप्प बसलो. सांगायला लाज वाटते. अहो, कुष्ठरोग असता तरी काय? तो औषधाने बरा होतो.

डॉक्टरांनीही आधी कुष्ठरोगच तपासला. अंगावर चट्टा नव्हता, नसा जाड नव्हत्या. डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, तो तिला बरोबर कळला. मग एक गरम आणि एक गार पाण्याची नळी टेकवली. तिला दोन्ही सारख्याच! तेही दोन्ही हातांवर आणि खांद्यांवर, शाल पांघरतो तेवढ्या भागात. त्यावरून त्यांनी एमआरआयला पाठवलं. निघाला सिरिंगोमायलिया.

पाठीच्या मणक्यांतून मज्जारज्जू जातो. या आजारात त्याच्या आत पाण्याने भरलेली पोकळी होते आणि ती हळूहळू वाढू शकते. गरम-गार आणि दुखणं यांचे संदेश नेणारे तंतू नेमके मधूनच पलीकडे जातात, म्हणून बहुधा आधी तेच दाबले जातात. स्पर्शाची वाट मागच्या बाजूला, ती बराच काळ शाबूत राहते. पुष्कळांमध्ये लहान मेंदूचा खालचा भाग मानेत उतरून पाण्याची वाट अडवतो. कधी मणक्याला लागलेल्या जुन्या मारानेही असं होतं. आमच्या मैत्रिणीचं पहिल्या प्रकारचं. डोक्यामागचं थोडं हाड काढून जागा मोकळी केली. हे ऑपरेशन मुख्यतः आजार वाढू नये म्हणून असतं. तिची मानेतली कळ गेली, चटक्याची जाणीव काही परत आली नाही.

आता ती रोज रात्री दिव्याखाली दोन्ही हात खांद्यापर्यंत बघते. आंघोळीचं पाणी आपण कोपराने बघतो, तिचं कोपरही बधिर, म्हणून ती पायाचा अंगठा बुडवते. पिठाचं पोतं उचलायचं नाही, कुंथायचं नाही, शेकोटीला चिकटून बसायचं नाही.

गटात खरा वाद झाला तो पैशांवरून. चुलीपाशी बसत नाही, मग वाटा सारखा का? आम्हालाही पटकन उत्तर सुचलं नाही. शेवटी हिशेब, मोजणी आणि दुकानदारांना फोन ही कामं तिच्याकडे दिली आणि त्या तासांचा दर भाकरीच्या कामाइतकाच धरला. एकीला हे अजून पटलेलं नाही. पण त्यानंतर दुकानदारांकडची थकलेली उधारी वसूल झाली, हे तीही मान्य करते.

तुमच्या गटातही कुणी अशी घट्ट हाताची असेल, तर तिच्या बोटांवरचे डाग एकदा उजेडात बघा, आणि भाजलं तेव्हा कळलं होतं का, ते विचारा. नसेल कळलं, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा.