हाँगकाँग कांचन : बी नसलेले झाड

(रोपवाटिकाधारकांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



दसऱ्याला आपण ज्या आपट्याची पाने सोने म्हणून वाटतो, त्याच्याच कुळातले हे झाड. पान तसेच दुभंगलेले, पण तळहाताएवढे. फूल गडद जांभळट गुलाबी. ऐन थंडीत, बाग सुनी असताना ते फुलते. म्हणून बंगलेवाले, शाळा, नगरपालिका सगळेच त्याची रोपे मागतात.

सन १८८० च्या सुमारास हाँगकाँगच्या समुद्रकिनाऱ्यावर एका फ्रेंच धर्मगुरूंना याचे एकच झाड आढळले. त्याच्या फांद्यांपासून पुढची झाडे झाली. १९०८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. देवकांचन आणि कांचन यांचा हा नैसर्गिक संकर आहे, हे पुढे जनुकीय अभ्यासातूनही सिद्ध झाले. हे दोन्ही आईबाप आपल्याकडे सर्वत्र दिसतात. संकर मात्र वांझ आहे. फुले भरपूर, शेंग नाही.

नेमकी येथेच फसगत होते. माझ्या परिचयाच्या एका रोपवाटिकाधारकांनी बाहेरून ‘हाँगकाँग कांचन’ म्हणून स्वस्तात रोपे आणली व एका वसाहतीला दिली. तिसऱ्या वर्षी फुले आली ती फिकट, आणि पाठोपाठ शेंगा लोंबल्या. रोपे साध्या कांचनाच्या बियांची होती! पैसे परत करावे लागले. पैशाचे एक वेळ चालते, पण ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकले नाही. तेव्हा या झाडाचे बी म्हणून कोणी पुडी दिली, तर ती घेऊ नये.

अभिवृद्धी कलमानेच करावी. मातृवृक्ष निवडताना तो फुलांवर असताना स्वतः पाहावा आणि फुलोरा संपल्यावर पुन्हा एकदा जाऊन शेंग नसल्याची खात्री करावी. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीवरील सुमारे अडीच सेंटीमीटर रुंदीची साल गोलाकार काढावी, वरच्या कापावर मुळे फुटण्याचे संजीवक लावावे व ओले शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकने घट्ट बांधावे. ही झाली गुटी. दुसरा मार्ग कांचनाच्या रोपावर भेट कलम करण्याचा. मला हाच अधिक पसंत आहे, कारण बियांपासून वाढलेल्या खुंटाला सोटमूळ असते. गुटीच्या झाडाला ते नसते आणि या झाडाचे लाकूडही ठिसूळ, त्यामुळे वाऱ्याच्या जागी त्याला आधार द्यावाच लागतो.

भेट कलमात एक पथ्य आहे. जोडाच्या खाली खुंटाला फुटवे येतात, ते दिसताच काढावेत. दुर्लक्ष झाले तर खुंट जोर धरतो, कलम मागे पडते आणि अस्सल कलम विकूनही गिऱ्हाईक शेंगा घेऊन तुमच्या दारात उभे राहते. म्हणून रोप देतानाच जोड बोटाने दाखवावा व त्याखालचे फुटवे खुडायला सांगावे.