तक्ता आणि मजकूर : एका यादीची हकीकत
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभात शिक्षणाच्या महत्त्वावर बोलण्याची प्रथा आहे. ते आपण दरवर्षी ऐकता. मी मात्र एका अगदी साध्या कामाविषयी बोलणार आहे : संगणकावरील मजकुराचा तक्ता करणे आणि तक्त्याचा पुन्हा मजकूर करणे. याच कामात माझ्या हातून एका मुलीचे नाव शिष्यवृत्तीच्या यादीतून गळले होते.

यादीत प्रत्येकीची एक ओळ होती. नाव, पत्ता, गुण आणि पालकांचे उत्पन्न, मध्ये स्वल्पविराम. वर्डमध्ये असा मजकूर निवडून 'इन्सर्ट'मधील 'टेबल'खाली 'कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल' ही आज्ञा दिली, आणि रकाने कोणत्या चिन्हापाशी तोडायचे ते सांगितले, की क्षणात तक्ता उभा राहतो. पण संगणकाला पत्ता कळत नाही आणि गुणही कळत नाहीत. त्याला फक्त चिन्ह दिसते. 1,20,000 असे उत्पन्न लिहिले तर त्याचे तीन रकाने होतात. हे मला ठाऊक होते, म्हणून आकड्यांत स्वल्पविराम मी घातलेच नव्हते. पत्त्याचे भान मात्र राहिले नाही. त्या मुलीच्या पत्त्यात 'गल्ली क्र. 4, मोमीनपुरा' असे होते. तेव्हा गुणांच्या रकान्यात मोमीनपुरा आला, उत्पन्नाच्या रकान्यात 82 आले, आणि खरे उत्पन्न शेजारच्या पाचव्या रकान्यात जाऊन बसले. पहिल्या पानावर तो पाचवा रकाना रिकामा दिसला, म्हणून मी तो पुसून टाकला! तपासणाऱ्याला गुण सापडले नाहीत, त्याने नाव वगळले. वडील विचारायला आले तेव्हा मुदत संपली होती.

तेव्हापासून मी स्वल्पविरामाऐवजी टॅब वापरतो, कारण नावात किंवा पत्त्यात टॅब सहसा येत नाही. ही कळ टंकलेखन यंत्रावरून आली आहे. तिथले तिचे नाव टॅब्युलेटर, म्हणजे तक्ता मांडणारी. परंतु यंत्रावर शिकलेल्या आमच्यासारख्यांना ओळी सारख्या दिसेपर्यंत ती दोन-तीनदा दाबण्याची खोड असते. संगणक त्यातील प्रत्येक टॅबचा एक रकाना धरतो आणि मध्ये रिकामी घरे पडतात. म्हणून 'होम'मधील परिच्छेदचिन्हाचे बटण आधी दाबावे. मग टॅब बाणासारखा दिसतो आणि कुठे एक आहे, कुठे दोन, ते डोळ्यांनी मोजता येते. रकान्यांची संख्या विचारली जाते तिथे चारऐवजी पाच दिसले, तर तिथेच थांबून ती ओळ शोधावी.

उर्दू याद्या करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. उर्दूचा स्वल्पविराम हे संगणकाच्या लेखी निराळेच चिन्ह आहे. 'कॉमा' निवडून त्याचा उपयोग नाही, ते चिन्ह 'अदर'च्या चौकटीत स्वतः घालावे लागते. तक्त्याची दिशाही गुणधर्मांत जाऊन उजवीकडून डावीकडे करावी, नाहीतर नाव शेवटच्या रकान्यात वाचावे लागते.

उलट काम सोपे आहे. तक्त्यात कर्सर ठेवल्यावर दिसणाऱ्या 'लेआउट'मध्ये 'कन्व्हर्ट टू टेक्स्ट' आहे. मात्र एका घरात एंटर दाबून पत्ता दोन ओळींत लिहिला असेल, तर मजकुरात त्या दोन स्वतंत्र ओळी होतात आणि पुन्हा तक्ता करताना एका मुलीच्या दोन मुली होतात. एंटर आधीच काढून टाकावेत.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांना या दोन्ही आज्ञा 'टेबल'मधील 'कन्व्हर्ट'मध्ये मिळतील. ते विनामूल्य आहे, तेव्हा घरी सरावाला अडचण नाही.

ती जुनी फाईल मी पुसलेली नाही. नावे काढून तिची एक प्रत संगणक कक्षात ठेवली आहे. चहापानानंतर ज्या विद्यार्थ्यांना पाहायची असेल त्यांनी यावे, तो पाचवा रकाना कसा तयार होतो ते मी समोर करून दाखवीन.