शेजारचा कोकिळ

चैत्र लागला कीं वसईच्या वाड्यांत पहांटेची झोंप दुर्मीळ होते. सूर्योदयाला बराच अवकाश असतांनाच कोकिळाचा स्वर चढूं लागतो. तो थांबतो न थांबतो तोंच कावळ्यांचा कलकलाट सुरू होतो. काव्यांत कोकिळेचें कौतुक करणारा मनुष्यहि मग खिडकी लावून घेतो.

वास्तविक हें गाणें कोकिळेचें नव्हेच. गातो तो काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. तीं घरटें बांधीत नाहींत. कावळ्याच्या घरट्यांत मादी आपलें अंडें ठेवते. तें आकारानें लहान, परंतु रंगानें इतकें जुळतें कीं कावळ्यासारखा धूर्त पक्षीहि फसतो. शिवाय कोकिळेचें पिलूं आधीं बाहेर येतें आणि चाऱ्यांत आघाडी मिळवितें. संस्कृतांत कोकिळ तो परभृत, म्हणजे दुसऱ्यानें पोसलेला. आणि कावळा तो परभृत्, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. एका हलन्ताचा काय तो फरक! शाकुंतलांतील दुष्यंतानें शकुंतलेला नाकारतांना याच गोष्टीचा आधार घेतला आहे.

तथापि कोकिळावर निर्दयतेचा आळ घेणें बरोबर नव्हे. इंग्लंडांतील कक्कूचें पिलूं यजमानाचीं अंडीं व पिलें घरट्याबाहेर ढकलतें, हें एडवर्ड जेनर यांनीं १७८८ सालीं प्रसिद्ध केलें. आपल्या कोकिळाचें पिलूं सहसा तसें करीत नाहीं. कावळ्याचीं पिलेंहि त्याच्याबरोबर वाढूं शकतात. "पेरते व्हा" म्हणणारा पावशा त्याच्याच कुळांतला. भारद्वाजहि त्याच कुळांतला. पण तो बिचारा स्वतःचें घरटें स्वतः बांधतो.

२००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. वाड्यांच्या जागीं इमारती उठत आहेत, आणि उरलेल्या आंब्या-उंबरावर सर्वांनाच दाटीनें राहावें लागतें. अशा वेळीं गोंगाटाला कंटाळून फांदी छाटण्याचा विचार कोणाच्याहि मनांत येईल. परंतु फांदीबरोबर कावळ्याचें घरटें जातें, आणि घरट्याबरोबर कोकिळाचा वंशहि. वड, पिंपळ, उंबर यांचीं फळें खाऊन त्यांचें बीं दूर नेणारा एक पक्षी त्या भागांतून कमी होतो. शहरांत झाड तोडण्यास १९७५ च्या कायद्यानें परवानगी लागते. पण संयमाला कायद्याची वाट कशाला पाहावी?

छाटणी करणें भागच असेल, तर ती पावसाळ्यानंतर, घरटें रिकामें झाल्याची खात्री करून करावी. तोंपर्यंत रात्रीं लवकर निजावें. कोकिळाचा हंगाम चार-सहा महिन्यांचा. तो सरला कीं शेजारी आपोआप मौन धरतो. तोडलेलें झाड मात्र पुढच्या चैत्रांत उभें राहत नाहीं.