गुडघ्याची झीज : कूर्चापेशी आणि दाह

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सभागृहात आलो तेव्हा पाहिले, पुढे सतरंज्या अंथरल्या आहेत आणि मागे भिंतीलगत खुर्च्या. आधी भरल्या त्या खुर्च्या! माझा विषय तेथूनच सुरू होतो.

“डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले,” हे वाक्य मी रोज ऐकतो. ते निरुपद्रवी नाही. यंत्राचा भाग झिजला, आता उपाय नाही, अशी समजूत करून घेऊन माणूस चालणे सोडतो आणि दुखणे अधिकच बळावते. वस्तुस्थिती निराळी आहे.

हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा शुभ्र, गुळगुळीत थर असतो, तीच कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून झिरपत येते आणि चालताना पडणारा व सुटणारा दाब त्यास साहाय्य करतो. या थरात पेशींचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के. उरलेले सारे त्या पेशींनीच विणलेले जाळे : कोलॅजेनचे तंतू आणि त्यांत अडकलेले, पाणी धरून ठेवणारे ॲग्रेकन. निरोगी प्रौढ सांध्यात कूर्चापेशी अत्यंत शांतपणे राहते. ती क्वचितच विभागते. थोडे मोडते, तेवढेच जोडते.

मग बिघडते काय? जुनी दुखापत, वाढलेले वजन, वय, आनुवंशिकता यांपैकी कशानेही सांध्याच्या आतील अस्तरात मंद दाह सुरू होऊ शकतो. बाहेरून सूज दिसेलच असे नाही. अस्तरातून, आणि पुढे खुद्द कूर्चापेशींतूनही, इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा अशी निरोप पोहोचवणारी प्रथिने स्रवतात. निरोप मिळताच पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाची यंत्रणा जागी होते व केंद्रकातील विशिष्ट जनुके कार्यान्वित करते. परिणामी पेशी नवे कोलॅजेन व ॲग्रेकन कमी बनवते आणि ते तोडणारी विकरे बनवू लागते. ॲडॅमटीएस-५ हे विकर ॲग्रेकन कापते. आरंभी ती हानी काही अंशी भरून निघू शकते. एमएमपी-१३ मात्र कोलॅजेनचा तंतूच तोडते आणि ती हानी जवळजवळ कायमची ठरते. जो गवंडी भिंत बांधत होता, त्याच्याच हाती पहार आली म्हणा ना! तुटलेले कण अस्तराला पुन्हा चेतवतात, दाह वाढतो आणि चक्र फिरत राहते. कूर्चेला मज्जातंतू नसल्यामुळे हे बराच काळ कळतही नाही; वेदना येते ती अस्तरातून व खालच्या हाडातून.

वजनाविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्थूल व्यक्तींमध्ये हा विकार हाताच्या बोटांतही अधिक आढळतो, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही. शरीरातील मेद हा केवळ भार नसतो. तो दाहकारक द्रव्ये रक्तात सोडतो. भाराचा हिशेब अर्थात आहेच : २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १ किलो वजन घटल्यावर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी कमी झालेला आढळला.

एका आजींनी मला विचारले होते, “या गोळ्या आपल्याला चालतात का?” प्रश्न रास्त होता. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात, तर कॉन्ड्रॉइटिन प्राण्यांच्या किंवा माशांच्या कूर्चेपासून. मक्यापासून बनवलेले ग्लुकोसामाइनही मिळते. वेष्टन वाचून घ्यावे. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, १५८३ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत, एकूण रुग्णांचा विचार करता, या गोळ्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत. तेव्हा त्या न घेतल्याने फार काही गमावले, असे आजींनी मानू नये. इंटरल्युकिन-१ रोखणाऱ्या औषधांनीही गुडघ्याच्या चाचण्यांत अपेक्षाभंगच केला. वेदनाशामके दुखणे कमी करतात, कूर्चा पुन्हा घडवत नाहीत. मूत्रपिंड वा जठराचा त्रास असलेल्यांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम मात्र वेदना कमी करतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. आता तोच करू. खुर्चीत ताठ बसा, एक पाय समोर सरळ करा, पाच अंक मोजा, हळूच खाली ठेवा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.