सांभाळायला घेतलेल्या बाळाचा लंगोट

मी देवपूरहून बोलतेय, बचत गटांचं काम बघते.

कापूस वेचणी लागली की बाया सकाळीच टेम्पोत बसून निघतात आणि तान्ही लेकरं गल्लीतल्या एखाद्या मावशीकडे राहतात. तिच्याकडे चार-पाच पोरं गोळा होतात. एकाला जुलाब लागले आणि बाकीच्यांना पसरले, तर चार आयांची मजुरी बुडते. म्हणून आज लंगोटाबद्दल. हसू नका.

आपल्यात म्हणतात, अंगावर पिणाऱ्या बाळाची शी घाण नसते. हे खरं नाही. वास कमी असतो एवढंच, रोगाचे जंतू तिच्यातही असतात. ती संडासात टाकायची, गटारीत किंवा उकिरड्यावर नाही. लंगोट बदलायची जागा चुलीपासून आणि पाण्याच्या माठापासून लांब ठेवा. खाली धुता येईल असं प्लास्टिक अंथरा. ओट्यावर किंवा खाटेवर ठेवून पाठ फिरवू नका. बाळ कधी कुशीवर वळेल सांगता येत नाही.

सगळं हाताशी घेऊन मगच बसायचं. ओल्या मऊ फडक्यानं पुढून मागे पुसायचं. मुलींच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं, नाहीतर शी लघवीच्या जागी जाते. फडकं प्रत्येक बाळाचं वेगळं. अंग कोरडं झाल्यावरच नवा लंगोट. पावडर लावू नका, ती श्वासातून छातीत जाते. मग साबणानं हात धुवायचे, आपले आणि बाळाचेही. नळ आला नाही म्हणून हे टाळायचं नाही. एक तांब्या पाणी आणि साबण त्यासाठी बाजूला ठेवायचाच. लंगोट वेगळ्या बादलीत, आणि वाळवायचे कडक उन्हात. लाज वाटते म्हणून साडीखाली लपवून वाळत घातलेला लंगोट दमट राहतो. डायपर वापरत असाल तर सकाळचा संध्याकाळपर्यंत ठेवू नका. शी झाली की लगेच, नाहीतर दोन-तीन तासांनी बघा. काढलेला कागदात गुंडाळून वेगळा टाका.

आता एक गोष्ट, जी मला साबणाइतकीच मोठी वाटते. बदलताना नाक मुरडून "शी, घाणेरडा" म्हणू नका. दीड वर्षाच्या पोराला ते कळतं. मग ते शी झाली तरी सांगत नाही, कोपऱ्यात जाऊन लपतं. "चल सोन्या, लंगोट बदलू, पाय वर कर," असं आधी सांगा. पाहुणे बसलेत तर आडोशाला न्या. मुलगा असो की मुलगी, त्याच्या अंगावरून थट्टा कुणालाच करू देऊ नका.

लालसर चट्टे दोन-तीन दिवसांत उतरले नाहीत, पू दिसला किंवा ताप आला तर दवाखान्यात न्या. जुलाब लागले तर आशाताईंकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस पूर्ण द्यायचं. अंगावरचं दूध बंद करू नका.

आणि आयांनो, साबण, फडकी आणि पाण्याचा खर्च मावशीच्या माथी मारू नका. महिन्याचे पैसे ठरवताना तो वेगळा धरा. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, मावशीलाही बोलवा.