स्वदेशी इंधन आणि कोकणातला पावसाळा



पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा विषय २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अकस्मात घरोघरी पोहोचला. गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले, इंजिन बिघडेल, अशा तक्रारी सुरू झाल्या आणि त्याच वेगाने त्यांना उत्तरेही दिली जाऊ लागली. प्रश्न विचारणारा प्रत्येक जण आयातदारांचा हस्तक, असे एका बाजूचे म्हणणे. तर रस्त्यात बंद पडलेल्या प्रत्येक गाडीचे खापर इथेनॉलवर, हा दुसऱ्या बाजूचा खाक्या. रत्नागिरीसारख्या गावात, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे या दोन्ही टोकांचा उपयोग नाही.

मुळात हे धोरण कालपरवाचे नव्हे. इंधन म्हणून अल्कोहोल वापरण्याचा कायदा देशात १९४८ सालीच झाला होता. सध्याच्या मोहिमेचा प्रारंभ २००१ सालचा. ज्या तीन ठिकाणी पाच टक्के मिश्रणाचे प्रयोग झाले, त्यांपैकी मिरज आणि मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातली होती. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत हे मिश्रण सुरू झाले. पण पुढे दशकभर त्याची गती रेंगाळलीच. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण अवघे दीड टक्का होते. ते जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत यातून सुमारे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले, असे पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले आहे. गरजेच्या पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरून आणणाऱ्या देशाला ही बचत क्षुल्लक नाही. १९७३ च्या तेलसंकटाचा चटका बसल्यावर ब्राझीलने १९७५ मध्ये हाच मार्ग धरला होता. आणि या उद्योगाचे तंत्रज्ञानही परके नाही. १९८३ साली प्रमोद चौधरी यांनी पुण्यात उभी केलेली प्राज कंपनी आज त्यात जगभर ओळखली जाते.

कोकणाला मात्र या यशात अद्याप केवळ ग्राहकाची भूमिका मिळाली आहे. ऊस घाटावरचा, मका बाहेरचा. इथे काजूची बोंडे दरवर्षी झाडाखाली कुजतात. त्यांतील साखरेचे अल्कोहोल होते, हे गोव्याच्या फेणीने फार पूर्वीच सिद्ध केले आहे. अडचण एवढीच की बोंड एका दिवसात नासते आणि वाडीवाडीतून ते गोळा करणार कोण? दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि इथल्या सहकारी संस्था यांनी मनावर घ्यावे असा हा विषय आहे.

आता गाडीकडे वळू. इथेनॉलचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर असतो. त्यामुळे इंजिनात होणारी ठोकठोक कमी होते, ज्वलन स्वच्छ होते, धुरातील कार्बन मोनॉक्साइड घटतो. हे गुण खरे आहेत. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, हेही तितकेच खरे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या धाटणीच्या चारचाकीची कार्यक्षमता वीस टक्के मिश्रणाने सहा ते सात टक्के आणि दुचाकीची तीन ते चार टक्के घटेल, असे नमूद होते. पंधराचे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी चौदावर आली, तर रत्नागिरीहून मुंबईला जाताना दीड लिटर पेट्रोल जास्त लागते. त्याच अहवालाने असेही सुचवले होते की या इंधनाचा दर कमी ठेवून ग्राहकाची भरपाई करावी. तसे झाले नाही. इथेनॉलचीच खरेदी महागली, हे त्याचे कारण सरकारने दिले. मिश्रण नसलेले पेट्रोल विकत मिळण्याचा पर्याय ठेवावा, ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. निर्णय झाला, पण हिशेब लपवण्याचे काही कारण नव्हते. देशासाठी दीड लिटरचा भार मध्यमवर्गीय कुटुंब आनंदाने उचलेल. भारच नाही असे सांगितले, की मात्र त्याचा विश्वास उडतो. १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या स्वातंत्र्यवीर सावरकरांनी यंत्रयुगाचे स्वागत केले आणि प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून घेण्याचा आग्रह धरला. स्वदेशी इंधनालाही ती कसोटी लागू आहे.

एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर, प्लास्टिक व धातूचे भाग ई-२० ला टिकतील असेच असतात. प्रश्न आहे तो जुन्या गाड्यांचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवा-इंधनाचे प्रमाण बऱ्याच अंशी सावरून घेतो. कार्ब्युरेटरला ती अक्कल नसते. २०२० पूर्वीच्या बहुतेक स्कूटर-मोटारसायकली कार्ब्युरेटरच्याच आहेत. त्यांतील इंधनाच्या नळ्या आणि गॅस्केट कालांतराने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. शिवाय इथेनॉल हे उत्तम द्रावक असल्याने टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो. ही दुरुस्ती काही शे रुपयांची असते; वेळीच केली नाही तर मात्र खर्च वाढतो.

कोकणातला खरा शत्रू आहे पाणी. पूर्वी पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत थोडे पाणी शिरले तरी ते तळाशी बसे आणि वरचे पेट्रोल निर्वेध राही. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी अल्प असेल तर ते इंधनात विरघळून निमूटपणे जळून जाते. मर्यादा ओलांडली, दहा टक्के मिश्रणात ती लिटरमागे पाच-सहा मिलिलिटर धरावी, वीस टक्क्यांत याहून अधिक, की इथेनॉल आणि पाणी जोडीने पेट्रोलची साथ सोडून तळाला जातात. तो थर गाडीत गेला तर इंजिन बंद. वरचा गेला तर ऑक्टेन उतरलेला. दमट हवेने बंद टाकीत एवढे पाणी सहसा जमत नाही. ते येते टाकीच्या झाकणातून, खराब सीलमधून, मुसळधार पावसात. म्हणजे दोष इथेनॉलचा नसून पंपाच्या देखभालीचा असतो, आणि त्याची जबाबदारी पंपचालकाची व तेल कंपनीचीच आहे.

ग्राहकाच्या हाती साधने आहेत. पंपावर घनता तपासून मागता येते, फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग राहतो का पाहता येतो, पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजणी करून घेता येते. इथेनॉलचे प्रमाण मात्र घनतेवरून कळत नाही. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, आगीपासून दूर, जाणकाराच्या देखरेखीखाली शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात ऐंशी मिलिलिटर पेट्रोल आणि वीस मिलिलिटर पाणी घालून हलवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. वीस टक्के मिश्रण असेल तर खालचा थर वीसवरून जवळपास छत्तीसवर जातो. जागृत ग्राहकांच्या एखाद्या गटाने पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे केले तरी पुष्कळ. जादा दराचे ‘प्रीमियम’ पेट्रोल म्हणजे इथेनॉलविरहित, ही समजूतही सोडून द्यावी. त्यातही ते बहुधा असतेच आणि साध्या इंजिनाला वरच्या ऑक्टेनची गरज नसते.

गर्दीच्या पंपावर इंधन घ्यावे, कारण तिथे साठा जुना होत नाही. पावती जपून ठेवावी. आणि गौरी-गणपतीला आलेले चाकरमानी जी जुनी गाडी गावच्या पडवीत ठेवून परततात, त्यांनी टाकी अर्धवट सोडू नये. भरून ठेवावी, झाकणाचे रबर पाहावे आणि घरातल्या कुणाला तरी पंधरा दिवसांनी ती थोडी फिरवून आणायला सांगावे.