प्रकाशक : मी स्वतः



चार प्रकाशकांकडून उत्तरच आलं नाही, तेव्हा कादंबरी स्वतःच छापायचं ठरवलं. तांत्रिक भाग सोपा निघाला. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे सरकारी संस्था मोफत देते. त्यात १३ आकडे. शेवटचा आकडा आधीचे १२ ताडून पाहण्यासाठी. वाक्यांना असा पहारेकरी नसतो. प्रकाशक नाही, म्हणजे ‘हे पान काढा’ म्हणणारंही कुणी नाही. म्हणून हस्तलिखित आपल्या मराठीच्या बाईंकडे नेलं. त्यांनी ४० पानं काढायला लावली. जिवावर आलं, पण काढली.

१०० प्रती छापल्या. ६३ खपल्या, त्यातल्या निम्म्या तुम्हीच घेतल्यात. उरलेल्या ३७ बाहेर टेबलावर आहेत. फुकट मागू नका. वाचून काय खटकलं, ते मात्र जरूर कळवा.